फुटलेल्या तावदानाचा हिशेब

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी वळवाच्या वाऱ्याने आमच्या बैठकीच्या खोलीतली खिडकी आपटली आणि तिचं तावदान या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकलं. दुसऱ्या दिवशी काचेच्या दुकानात फोन करून मी विचारलं, "एक काच बदलायची आहे, किती खर्च येईल?" दुकानदाराने आकडा सांगितला नाही. उलट मलाच चार प्रश्न विचारले. "काच किती एमएमची? साधी की टफन? माप काय? आणि मजला कितवा?" मला फक्त मजल्याचं उत्तर देता आलं.

पंखा, गीझर, फ्रिज घेताना आपण चार दुकानं फिरतो, माहिती काढतो. खिडकीच्या काचेकडे मात्र ती फुटेपर्यंत कुणी बघत नाही. फुटली की घाई होते, कारण पाऊस तोंडावर असतो, घर उघडं पडलेलं असतं. त्या घाईत समोरचा जो आकडा सांगेल तो मान्य करावा लागतो. खरं तर काच बदलण्याचा सगळा खर्च त्या चार प्रश्नांच्या उत्तरांत असतो. शिवाय एक पाचवा प्रश्न आहे, तो दुकानदार सहसा विचारत नाही. तो आपणच आपल्याला विचारायचा असतो : ही काच गेली कशामुळे? आधी त्याच्यापासूनच सुरुवात करू.

तडा काय सांगतो?

फुटलेली काच झाडून टाकण्यापूर्वी दोन मिनिटं तिच्याकडे नीट पाहावं आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. तडा कसा गेला आहे यावरून कारण बऱ्याचदा कळतं.

एका बिंदूपासून चहूबाजूंना किरणांसारख्या रेषा फुटल्या असतील, तर तिथे काहीतरी आदळलं आहे. चेंडू, दगड, पतंगाच्या मोसमात एखादी काठी. यात खिडकीचा दोष नाही. तशीच काच पुन्हा बसवली तरी चालते.

तडा काचेच्या कडेपासून सुरू झाला असेल, कडेशी सरळ काटकोन करून निघाला असेल आणि पुढे नागमोडी गेला असेल, तर कारण बहुधा उष्णता आहे. उन्हात काचेचा मधला भाग तापतो. चौकटीत दबलेली कड मात्र सावलीत, थंड राहते. मधला भाग फुगू पाहतो आणि कड ताणली जाते. साध्या काचेत हा फरक साधारण 40 अंशांपर्यंत गेला की ती तडकू शकते. काचेवर गडद फिल्म चिकटवली असेल, आतून पुठ्ठा लावला असेल किंवा कपाट अगदी काचेला टेकवलं असेल, तर उष्णता अडकून हा धोका वाढतो. अशा वेळी फिल्म किंवा कपाट तसंच ठेवून पुन्हा साधी काच बसवली, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच खर्च पुन्हा येण्याची शक्यता असते.

तडा कोपऱ्यातून किंवा एखाद्या स्क्रूजवळून निघाला असेल, तर चौकटीकडे पाहावं. लाकडी चौकट पावसाने फुगते, लोखंडी चौकट गंजून फुगते, ॲल्युमिनियमचं शटर बेअरिंग झिजल्यामुळे तिरकं घासत चालतं. या सगळ्यांत काचेच्या कडेवर दाब येतो. इथे आधी चौकट दुरुस्त करायची, मगच काच बसवायची.

काच बारीक दाण्यांसारखी भुरभुरून पडली असेल, तर ती टफन, म्हणजे भट्टीत पुन्हा तापवून मजबूत केलेली, होती. टफन काच कधीकधी कुणी हातही न लावता फुटते. काच बनताना तिच्यात निकेल सल्फाइडचा अगदी सूक्ष्म कण राहून गेला असेल, तर तो हळूहळू फुगत जातो आणि एके दिवशी पूर्ण काच एकदम फुटते. घरातल्या माणसांना अशा वेळी आश्चर्य वाटतं, पण ही काचेच्या जाणकारांना माहीत असलेली गोष्ट आहे.

किती एमएम?

जाडीकडे वळण्याआधी काच कशाची आणि कशी बनते ते पाहू. खिडकीची काच म्हणजे मुख्यतः वाळू. सुमारे 70 ते 73 टक्के सिलिका, बाकी सोडा, चुना आणि थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड. काचेला लागणारी सिलिका वाळू आपल्याकडेही आहे. सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात तिच्या खाणी आहेत. महाराष्ट्राचा काचेशी संबंधही जुना आहे. लोकांच्या एकेका पैशाच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाने 1908 साली तळेगावात काच कारखाना काढला आणि पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीचे कंदील घराघरांत पोहोचले. पण बाटली किंवा चिमणी फुंकून घडवता येते. खिडकीची मोठी, सपाट आणि सगळीकडे सारख्या जाडीची काच करणं त्याहून पुष्कळ अवघड असतं. म्हणूनच जुन्या घरांच्या तावदानांतून पाहिलं की पलीकडचं झाड किंचित लहरल्यासारखं दिसतं. गोव्यातल्या जुन्या घरांत तर काचेऐवजी शिंपल्यांची पातळ, दुधी रंगाची तावदानं बसवत. तशी काही घरं आजही पाहायला मिळतात.

सपाट काच स्वस्त झाली ती फ्लोट पद्धतीमुळे. इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सच्या पिल्किंग्टन कंपनीत ॲलस्टर पिल्किंग्टन यांनी ती विकसित केली आणि 1959 साली ती जाहीर झाली. यात सुमारे हजार अंश तापमानाचा काचेचा रस वितळलेल्या कथिलाच्या कुंडावर ओततात. कथिलाच्या सपाट पृष्ठभागावर तो पसरतो, तरंगतो आणि पुढे सरकत थंड होतो. दोन्ही बाजू आपोआप गुळगुळीत होतात, घासायची गरज उरत नाही. आज आपल्या खिडक्यांना लागणारी जवळपास सगळी साधी काच अशीच बनते. नवी मुंबईजवळच्या तळोजातही असा कारखाना आहे.

काचेचा भाव चौरस फुटावर आणि जाडीवर ठरतो, कारण जाडी वाढली की माल वाढतो. हिशेब सोपा आहे. 1 मिलिमीटर जाडीची 1 चौरस मीटर काच अडीच किलो भरते. म्हणजे 5 एमएमची काच चौरस मीटरला साडेबारा किलो, चौरस फुटाला सुमारे 1 किलो 160 ग्रॅम.

जाडी किती घ्यावी हे मात्र भावावर ठरवू नये, वाऱ्यावर ठरवावं. भारतीय मानकांप्रमाणे मुंबई आणि नागपुरासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, तर पुणे, नाशिक आणि पणजीसाठी 39 मीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला 44 मीटर वेगाचा वारा चौरस मीटरवर सुमारे 118 किलो वजनाइतका रेटा देतो, 39 मीटरचा सुमारे 93 किलो. वरच्या मजल्यांवर आणि मोकळ्या समुद्राकाठी हा रेटा आणखी वाढतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कोकणातल्या लोकांनी या रेट्याचा अनुभव घेतला. लहान खिडकीला 4 एमएम चालते. मोठ्या सरकत्या शटरला 5 एमएम बरी. उंच इमारतीत मूळ आराखड्यात जी जाडी दिली असेल तिच्याहून पातळ काच कधीही बसवू नये, कितीही पैसे वाचत असले तरी.

आपली काच किती जाड आहे हे कळायला सोपा उपाय म्हणजे फुटलेल्या काचेचा कडेचा एक तुकडा जाड कागदात गुंडाळून दुकानात न्यावा. दुकानदार लगेच मोजून सांगतो. नक्षीची काच असेल, म्हणजे पिनहेड किंवा न्हाणीघराची दाणेदार, तर तुकडा न्यायलाच हवा. नाहीतर नक्षी जुळत नाही.

साधी की टफन?

साधी काच फुटली की सुरीसारखे लांब, टोकदार तुकडे होतात. तावदानातला वरचा तुकडा निसटून खाली आला तर जिवावर बेतू शकतं. सगळ्यात स्वस्त काचेचा हा सगळ्यात मोठा दोष आहे.

टफन काच म्हणजे हीच काच, पण पुन्हा भट्टीत घातलेली. तिला 620 ते 650 अंशांपर्यंत तापवतात आणि मग दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडून झटकन निववतात. वरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागून आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. अशी काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, तापमानातला सुमारे 200 अंशांचा फरक सोसते आणि फुटलीच तर बोथट दाण्यांसारखे तुकडे होतात.

पण तिची एक अट आहे. टफन झालेली काच कापता येत नाही. हिऱ्याची रेघ ओढली की ती पूर्ण फुटते. त्यामुळे माप घ्यायचं, काच कापायची, कडा घासायच्या, भोकं पाडायची, हे सगळं भट्टीआधी. म्हणूनच साधी काच दुकानात उभ्या उभ्या कापून मिळते, टफन काचेला मात्र काही दिवस थांबावं लागतं. आणि माप दोन सुतांनी चुकलं तर ती काच वाया जाते, नवी घ्यावी लागते. कारागिरांच्या भाषेत एका इंचाचे आठ सूत. टफन काचेचं माप देताना दोन सूतही महाग पडतात.

तिसरा प्रकार लॅमिनेटेड काचेचा. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदा दाबून चिकटवलेला असतो, बहुधा 0.38 किंवा 0.76 मिलिमीटर जाडीचा. ही काच फुटते, पण तुकडे पडद्याला चिकटून राहतात, खाली पडत नाहीत. फ्रान्समधल्या एडुआर बेनेडिक्टस यांना 1903 साली प्रयोगशाळेत खाली पडलेलं एक काचपात्र न विखुरता तडकलेलं दिसलं, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. त्यातून ही कल्पना निघाली. रस्त्याच्या वर असलेल्या खिडकीला किंवा बाल्कनीच्या कठड्याला ही काच सगळ्यात योग्य, कारण ती खालच्या माणसाच्याही डोक्यावर पडत नाही. बाहेरचा आवाजही ती कमी करते.

टफन काच ओळखायची कशी? कोपऱ्यात बनवणाऱ्याची छोटी मोहोर असते. सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक आयएस 2553 आहे, त्याचा आयएसआय शिक्का पाहावा. पोलराइज्ड गॉगल घालून तिरकं पाहिलं तर टफन काचेवर फिकट ठिपक्यांचे किंवा पट्ट्यांचे डाग दिसतात, साध्या काचेवर दिसत नाहीत. टफनचे पैसे घेऊन साधी काच बसवली तर नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून ही तपासणी स्वतः करावी.

सुरक्षा काच, म्हणजे टफन किंवा लॅमिनेटेड, नेमकी कुठे हवी? इंग्लंडच्या बांधकाम नियमांत भिंतीवरच्या काचेचा जमिनीपासून 800 मिलिमीटर उंचीपर्यंतचा भाग आणि दारांच्या काचेचा 1500 मिलिमीटरपर्यंतचा भाग धोक्याचा मानतात आणि तिथे सुरक्षा काच लागते. लहान मुलं पळतात, घसरतात, वडीलधारी तोल जाऊन हात टेकतात, ते याच उंचीत. आपल्याकडेही हा नियम घरापुरता पाळायला काही हरकत नाही.

माप, मजुरी आणि बिल

आता पैशाकडे येऊ. भाव गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, म्हणून इथले दर हे हिशेब समजावा एवढ्यासाठीच धरलेले आहेत. पद्धत लक्षात ठेवली की दर आपापल्या गावचे घालता येतील.

समजा तावदानाचं माप साडेबावीस इंच बाय साडेचाळीस इंच आहे. खरं क्षेत्रफळ 6.33 चौरस फूट. पण काच मोठ्या पत्र्यातून कापली जाते आणि उरलेली पट्टी बहुधा वाया जाते. म्हणून व्यापारी बिलासाठी माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांच्या पटीत नेतात. साडेबावीसचे चोवीस आणि साडेचाळीसचे बेचाळीस होतात. बिल 7 चौरस फुटांचं येतं. ही फसवणूक नव्हे, धंद्याची रीत आहे. पण ती कोणत्या पटीत लावणार, हे आधी विचारून घ्यावं. तीन इंचांची पट ग्राहकाला परवडते.

साध्या 5 एमएम काचेला चौरस फुटाला 80 रुपये धरू. काच 560 रुपयांची झाली. कारागिराचं येणं-जाणं, शटर उतरवणं, जुनं रबर काढून नवं बसवणं, जुनी काच नेणं, यासाठी 700 रुपये धरू. एकूण 1260 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी लागला तर सुमारे 1487 रुपये.

आता त्याच जागी 5 एमएमची टफन काच चौरस फुटाला 150 रुपये धरून बघू. काच 1050 रुपयांची, मजुरी तीच 700, एकूण 1750. कर धरून 2065 रुपये.

या दोन आकड्यांकडे नीट पाहा. काचेची किंमत जवळजवळ दुप्पट झाली, पण बिल 40 टक्क्यांहून कमीच वाढलं. कारण मजुरी, भाडं, हमाली यांचा भाग काच कोणतीही असली तरी तेवढाच राहतो. या सगळ्या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. काच एकदा बदलायचीच ठरली की अधिक सुरक्षित काच घेण्याचा वाढीव खर्च वाटतो त्याहून कमी असतो. नंतर वेगळी बदलायला गेलात तर मजुरी पुन्हा पूर्ण द्यावी लागते.

याच कारणाने एक काच बदलायला बोलावण्याऐवजी घरातल्या तडकलेल्या, सैल झालेल्या सगळ्या काचा एकाच फेरीत बदलून घ्याव्यात. न्हाणीघरातल्या लूव्हरची तुटकी पट्टी, स्वयंपाकघरातलं हलणारं शटर, तेही त्याच दिवशी. कारागिराची फेरी एकच होते आणि मजुरीवर घासाघीस करायला जागा मिळते.

चौकटीप्रमाणेही मजुरी बदलते. लाकडी खिडकीत खिळ्यांनी ठोकलेली पट्टी किंवा लांबी (पुट्टी) काढून काच बदलतात. जुनी लांबी दगडासारखी झाली असेल तर ती खरवडायलाच वेळ जातो. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत शटर ट्रॅकमधून उचलून, स्क्रू काढून, चौकट उघडून काच बदलतात. यूपीव्हीसीच्या खिडकीत आतल्या बाजूची पट्टी अलगद निघते आणि शटर न उतरवताही काम होतं.

मजल्याचा प्रश्न इथे येतो. सरकतं शटर आत उतरवता येत असेल तर दहावा मजलाही अवघड नाही. पण काच बाहेरून बसवलेली असेल तर दोरावरचा किंवा पाळण्यावरचा माणूस लागतो आणि काचेपेक्षा तोच खर्च मोठा होतो. अशा जागी सोसायटीत आणखी कुणाचं काम असेल तर एकत्र करून घेणं शहाणपणाचं.

तावदान धूसर का होतं?

काही तावदानं फुटत नाहीत, ती धूसर होतात. ती बदलण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. काच आतून बोटाने पुसून पाहावी, मग बाहेरून.

आतून पुसली जाते, तर दोष खोलीतल्या दमटपणाचा आहे. कपडे आत वाळत घातले आहेत, कुकरची वाफ कोंडते आहे. काच बदलून उपयोग नाही, हवा खेळती ठेवायला हवी.

बाहेरून पुसली जाते, तर बाहेरची दमट हवा थंड काचेवर जमते आहे. मुंबईत पावसाळ्यात हे सर्रास होतं. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असली की दवबिंदू सुमारे 26 अंश असतो. एसीचा झोत थेट काचेवर येत असेल तर काच त्याहून थंड होते आणि बाहेरून पाणी धरते. एसीच्या झोताची दिशा बदलली की धुकं जातं.

दोन्हीकडून पुसून काहीच फरक पडला नाही आणि काच एकेरी असेल, तर ते डाग आहेत. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे ताजे डाग पातळ व्हिनेगरने निघतात. पण इमारतीच्या दुरुस्तीत उडालेलं सिमेंटचं पाणी काचेवर वाळलं, तर त्यातला अल्कली काचेचा पृष्ठभागच खातो. ते पांढरे डाग निघत नाहीत. म्हणून सोसायटीत गिलाव्याचं किंवा रंगाचं काम निघालं की खिडक्यांना प्लास्टिक लावून घ्यावं.

आणि काच दुहेरी असेल, धुकं दोन काचांच्या मधोमध असेल, तर त्या तावदानाची शिवण गेली आहे. दुहेरी तावदानात दोन काचांमध्ये बहुधा 12 मिलिमीटरची पोकळी असते. कडेने धातूची किंवा प्लास्टिकची पोकळ पट्टी असते आणि तिच्यात ओलावा शोषणारे दाणे भरलेले असतात. भोवती आतून ब्युटाइलचा आणि बाहेरून पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉनचा असे दोन थर असतात. पोकळीतली कोरडी हवा उष्णता अडवते. 6 एमएमच्या एकेरी काचेतून चौरस मीटरला एका अंशाच्या फरकाला सुमारे 5.7 वॅट उष्णता जाते, तर 6-12-6 च्या, म्हणजे 6 एमएमच्या दोन काचा आणि मध्ये 12 मिलिमीटरची पोकळी असलेल्या, दुहेरी तावदानातून साधारण निम्मी.

पण हे तावदान रोज श्वास घेतं. उन्हात आतली हवा 25 अंशांवरून 50 अंशांवर गेली तर ती सुमारे 8 टक्क्यांनी फुगू पाहते आणि रात्री आकसते. वर्षानुवर्षं हे चालतं आणि शिवण थकते. बाहेरची दमट हवा आत शिरू लागते. दाणे आधी ती शोषून घेतात. ते भरले की पहाटे आत धुकं दिसतं आणि दुपारी जातं. पुढे कायमचे पांढरे ओघळ राहतात. आतलं धुकं पुसून जात नाही. काचेला भोक पाडून आतून धुण्याचा उपाय काही देशांत विकला जातो. त्याने काच काही काळ स्वच्छ दिसते, पण ती घट्ट बंद पोकळी परत येत नाही.

मात्र यासाठी पूर्ण खिडकी बदलण्याची गरज नसते. चौकट शाबूत असेल तर फक्त दोन काचांचा तो जोड बदलता येतो. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांना हे विशेष सांगावंसं वाटतं, कारण तिथे दुहेरी तावदानं घरोघरी असतात आणि विक्रेते बऱ्याचदा अख्खी खिडकी बदलण्याचाच भाव देतात. काचांमधल्या पट्टीवर बऱ्याच वेळा बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख छापलेली असते. ती वाचावी. हमीची मुदत उरली असेल तर खर्च वाचू शकतो.

शिवण लवकर जाण्याचं एक मोठं कारण म्हणजे साचलेलं पाणी. चौकटीच्या तळाला पाणी जाण्यासाठी भोकं असतात. ती धुळीने, मृत किड्यांनी, रंगाने बुजतात आणि तावदानाची खालची कड महिनोन्महिने पाण्यात उभी राहते. नवा जोड बसवताना ही भोकं मोकळी आहेत ना, काचेखाली रबराचे ठोकळे ठेवले आहेत ना, हे उभं राहून पाहावं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तावदानाच्या शिवणीला मारक असतं, म्हणून न्यूट्रल सिलिकॉन मागावं.

काहींना वाटतं, साधी काच फुटलीच आहे तर दुहेरी बसवून टाकू. त्याआधी वजन पाहावं. वरच्या उदाहरणातलं 5 एमएमचं तावदान सुमारे साडेसात किलो भरतं, त्याच मापाचं 6-12-6 चं दुहेरी तावदान साडेसतरा किलो. त्याची 24 मिलिमीटरची जाडी जुन्या शटरच्या खाचेत मावत नाही आणि बेअरिंगही ते वजन पेलत नाहीत. दुहेरी काच म्हणजे नवी चौकट, म्हणजे मोठा खर्च. खोलीत दिवसभर एसी चालत असेल किंवा खिडकी वाहत्या रस्त्यावर असेल तर तो करावा. नाहीतर छज्जा आणि पडदा बरंच काम करतात.

खर्च नेहमी आपलाच असतो का?

नव्या इमारतीत राहत असाल तर रेरा कायदा माहीत हवा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कामात किंवा मालात दोष निघाला आणि तो लेखी कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. दुहेरी तावदानं दोन-तीन वर्षांत धूसर झाली, तर फोनवर बोलण्याऐवजी फोटोसह लेखी तक्रार करावी.

घराचा विमा असेल तर पॉलिसी वाचावी. 1 एप्रिल 2021 पासून आलेल्या भारत गृह रक्षा पॉलिसीत वादळ, पूर, भूकंप अशा आपत्तींमुळे घराचं झालेलं नुकसान येतं. मुलांच्या चेंडूने फुटलेली काच त्यात येते की नाही, हे विमा कंपनीला विचारून घ्यावं. त्यासाठी काही पॉलिसींत काचेचा वेगळा भाग असतो. आणि शेवटी सोसायटी. बाहेरून दिसणाऱ्या काचेचा रंग किंवा चौकट बदलायची असेल तर आधी परवानगी घ्यावी.

काच फुटली तर

पैशाआधी जीव. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना दुसऱ्या खोलीत नेऊन दार लावावं. पायात बूट, हातात जाड मोजे. तडकलेलं तावदान अजून उभं असेल तर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी आडवी-उभी लावावी. खाली रस्ता किंवा अंगण असेल तर आधी वॉचमनला सांगून खालची जागा मोकळी करून घ्यावी. उंचावरच्या खिडकीतले तुकडे स्वतः बाहेर झुकून काढू नयेत. बारीक कण ओल्या वर्तमानपत्राने टिपावेत.

आणि एक विनंती. फुटलेली काच तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जाड कागदात किंवा खोक्यात बांधा, वर मोठ्या अक्षरांत "काच" लिहा आणि कचरा नेणाऱ्या ताई किंवा दादांच्या हातात देऊन तोंडाने सांगा. आपल्या घरात आपण मोजे घालून उचललेला तुकडा त्यांच्या उघड्या हाताला लागू नये.

शेवटी एक छोटं काम. या रविवारी घरातल्या प्रत्येक खिडकीचं माप, काचेची जाडी, ती साधी की टफन आणि चौकट कसली, हे एका कागदावर लिहून तो वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवा. काच फुटेल तेव्हा दुकानदाराच्या चारही प्रश्नांची उत्तरं तुमच्या हातात असतील.